बोली आणि तुळशीपत्र

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



श्रावण लागला. मंगळागौरीची आमंत्रणं सुरू झाली, पाठोपाठ गौरी-गणपती येतील. घराघरांत नऊवारी बाहेर निघेल, नथीची डबी उघडली जाईल. आणि त्याच वेळी रात्री जेवणं उरकल्यावर मोबाईलवर दागिन्यांचे लिलावही जोरात सुरू होतील. ठुशी, चिंचपेटी, तन्मणी, लक्ष्मीहार, सगळं खोट्यातलं, आणि सगळं बोलीवर.

गेल्या महिन्यात इंदूर, बडोदा आणि बेळगावच्या सत्संगांतून वेगवेगळ्या भगिनींनी एकच प्रश्न विचारला. "आम्ही सोनं तर घेत नाही. दोनशे-तीनशेचे खोटे दागिने ऑनलाइन बोली लावून घेतो. यात वाईट काय?" प्रश्न मनापासून विचारलेला आहे, म्हणून टाळायचा नाही. घरातल्या सगळ्यांनी, पुरुषमंडळींनीसुद्धा, गुरुवारच्या आरतीनंतर एकत्र बसून हे वाचावं अशी विनंती.

*काच आणि सोनं*

आधी एक गैरसमज दूर करू. खोटा दागिना घालण्यात कमीपणा मुळीच नाही. मंगळसूत्रातले काळे मणी कशाचे असतात? काचेचे. लग्नातला हिरवा चुडा कशाचा? काचेचाच. हैदराबादच्या आपल्या भगिनी चारमिनारजवळच्या लाड बाजारातून ज्या बांगड्या आणतात, त्या लाखेच्या. आणि पंढरीच्या विठोबाला सगळ्यांत प्रिय काय? तुळशीची माळ. म्हणजे ज्या दागिन्यांना आपण सर्वांत जास्त मान देतो, त्यांना सराफाच्या तराजूत किंमत नाही. मान किमतीवरून ठरत नाही, भावावरून ठरतो.

शिवाय आजचा तोळ्याचा भाव बघता प्रत्येक घराला सोन्याचा लक्ष्मीहार करणं शक्य नाही. राजकोटचा किंवा मछलीपट्टणचा कारागीर पितळेवर मुलामा देऊन तोच घाट घडवतो. त्याचं पोट भरतं, घरच्या सुनेची हौस भागते. यात देवाला राग येण्यासारखं काहीच नाही. हौस असावी. गौरीलासुद्धा आपण नटवतोच की.

मग अडचण दागिन्यात नाही. ती शोधायची असेल तर बोलीकडे बघावं लागेल.

*बोली म्हणजे दिलेला शब्द*

आपल्या मराठीत 'बोली' म्हणजे बोलणं. लग्नाची बोलणी, नवस बोलणं, आणि लिलावातली बोली, सगळं एकाच मुळाचं. तोंडातून गेलेला शब्द बांधून ठेवतो, हा त्यामागचा विचार. 'लिलाव' हा शब्द मात्र पोर्तुगीजांकडून आला. गोव्यात लिलावाला 'पावणी' म्हणतात, आणि देवापुढे आलेल्या फळांची पावणी करण्याची रीत आपल्या गोव्याच्या मंडळींना नवी नाही. नारळ बाजारात कितीला मिळतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी माणूस त्याच्या कितीतरी पट बोली लावतो, कारण पैसा देवळात जातो.

हैदराबादजवळ बालापूरच्या गणपतीच्या लाडवाचा लिलाव तर सर्वांना माहीत आहे. 1994 मध्ये तो लाडू 450 रुपयांना गेला होता, 2024 मध्ये 30 लाख 1 हजारांना गेला. ते पैसे गावाच्या आणि देवळाच्या कामी येतात. तिथे बोली लावणारा सगळ्या गावासमोर, उजेडात, स्वतःच्या नावाने बोलतो. घरच्यांना ठाऊक असतं. 

म्हणजे बोली लावणं हेही वाईट नव्हे. ती कुठे लावली, कोणाला कळवून लावली आणि कशासाठी लावली, एवढंच बघायचं.

*रात्रीचा लिलाव कसा चालतो*

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन तऱ्हा आहेत.

एक तऱ्हा 'लाइव्ह'ची. विकणारी ताई कॅमेऱ्यासमोर ठुशी धरते, "शंभरपासून सुरू" म्हणते. खाली बायका आकडे टाकत जातात. एकशेवीस, दीडशे, दोनशे. मग एक वार, दोन वार, तीन वार. जिचा आकडा शेवटचा तिने लगेच पैसे पाठवायचे आणि स्क्रीनशॉट द्यायचा.

दुसरी तऱ्हा घड्याळाची. वस्तूखाली उलटी वेळ पळत असते, ती संपेपर्यंत ज्याची बोली सर्वांत वर त्याची वस्तू. परदेशात राहणारी आपली मुलं 'ईबे'वरून जुने ब्रोच, मोत्यांच्या माळा घेतात त्या अशाच. हा व्यवहार 1995 मध्ये अमेरिकेत सुरू झाला आणि त्यावर सुरुवातीलाच विकली गेलेली वस्तू म्हणून जी सांगितली जाते, ती होती चक्क एक बिघडलेला लेझर पॉइंटर. 14 डॉलर 83 सेंट्सना. बिघडलेल्या वस्तूलाही बोली लागते, हे पहिल्याच दिवसांत जगाला कळलं!

आता यातल्या खुब्या पाहा. सुरुवातीची किंमत मुद्दाम अगदी कमी असते, एक रुपया, एकोणपन्नास रुपये. कारण एकदा आकडा टाकला की ती वस्तू मनात आपली होते. मग कोणी वर गेलं की वाटतं, 'माझी' वस्तू कोणी हिसकावली. काही ठिकाणी शेवटच्या क्षणी बोली आली की घड्याळ आणखी थोडं पुढे जातं, म्हणजे चुरस संपूच नये. काही ठिकाणी तर विकणाऱ्याचाच माणूस दुसऱ्या नावाने आकडे वाढवत असतो. समोर कोणी गिऱ्हाईक नसतंच, आणि आपण सावलीशी झुंजत असतो. वस्तू स्वस्तात पडली म्हणावं, तर वर पाठवणीचा खर्च वेगळा.

अर्थशास्त्रात याला एक नाव आहे, 'जिंकणाऱ्याचा शाप'. 1971 मध्ये अमेरिकेत तेलाच्या कंपनीतल्या तीन अभियंत्यांनी समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करून ही गोष्ट मांडली. वीस जण एकाच वस्तूची किंमत अंदाजाने सांगतात. कोणी कमी सांगतो, कोणी जास्त. वस्तू मिळते कोणाला? ज्याचा अंदाज सगळ्यांत जास्त वर गेला त्याला. म्हणजे पुष्कळदा जो जिंकला, तोच सगळ्यांत जास्त चुकलेला असतो. तेलाचं क्षेत्र असो की पितळेची ठुशी, माणसाचं मन तेच.

*गीतेतला जिना*

भगवंतांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, 62 आणि 63 या श्लोकांत, माणूस कसा घसरतो त्याच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. आपण नेमाने गीता म्हणतो, पण त्या पायऱ्या आपल्याच पलंगावर, आपल्याच मोबाईलमध्ये आहेत हे लक्षात येत नाही.

पहिली पायरी, विषयाचं चिंतन. दुपारी फोटो पाहिला, भाजी चिरताना तोच हार डोळ्यांसमोर. दुसरी, त्यातून जडलेली ओढ. तिसरी, कामना, म्हणजे 'मिळालाच पाहिजे'. चौथी, क्रोध. तो कोणावर? जिला आपण कधी पाहिलं नाही, जिचं खरं नावही ठाऊक नाही अशा बाईवर. "ही कोण मध्येच आली?" पाचवी, संमोह. आता हार दिसतच नाही, फक्त आकडा दिसतो. सहावी, स्मृतिभ्रंश. इथे जरा थांबू या. भगवंतांनी 'स्मृती' गेली असं का म्हटलं असेल? सकाळी आपणच ठरवलेलं असतं, अडीचशेच्या वर जायचं नाही. रात्री पावणेअकराला ते आठवतच नाही. हाच स्मृतिभ्रंश! स्वतःला दिलेला शब्द विसरणं. आणि मग सातवी, बुद्धी जाते, आणि आठवी, माणूस स्वतःलाच हरवतो.

म्हणून आम्ही म्हणतो, लिलावात पैसे नंतर जातात. आधी आठवण जाते.

पुरुषमंडळींनी इथे हसू नये. शेअरच्या भावाकडे दर पाच मिनिटांनी बघणं, जुनी गाडी किंवा प्लॉट लिलावात "त्या अमक्याला मिळू द्यायचा नाही" म्हणून घेणं, हा तोच जिना आहे. फक्त पायऱ्या जास्त रुंद.

*एका गुरुभगिनीचं पत्र*

एका ताईंनी आम्हाला पत्र लिहिलं. त्यांच्या परवानगीने, नाव-गाव न देता, त्यातला मतितार्थ देत आहोत.

ताई नोकरी करतात. घरी सासूबाई, मालक, दोन मुलं. सात महिन्यांत त्यांनी लिलावातून एकतीस पाकिटं मागवली. एकेक वस्तू दोनशे, चारशे, आठशे. त्यांनी हिशेब कधी केला नव्हता. सासूबाईंना पुष्कळ वर्षांपासून गाणगापूरला जायचं होतं, भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करून पादुकांचं दर्शन घ्यायचं होतं. त्यासाठी ताई पैसे बाजूला टाकत होत्या. जायची वेळ आली तेव्हा त्या पैशांतले बरेचसे गेले होते. ताईंनी घरी सांगितलं, "आई, या वर्षी मला रजा मिळत नाही."

सासूबाई म्हणाल्या, "असू दे गं, नोकरी महत्त्वाची. महाराज बोलावतील तेव्हा जाऊ." आणि त्यांनी भरलेली पिशवी पुन्हा उपसली.

ताई लिहितात, त्या रात्री लाइव्ह सुरू झालं तरी हात मोबाईलकडे गेला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी कागदावर बेरीज केली. 18,460 रुपये. आठवड्याने त्यांनी सगळी पाकिटं सासूबाईंपुढे ठेवली आणि खरं ते सांगितलं. सासूबाई चार दिवस फारसं बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी फक्त एक विचारलं, "यातला तुला सगळ्यांत आवडलेला कुठला?"

ताईंना सांगता येईना. एकतीसपैकी अकरा पाकिटं उघडलेलीच नव्हती. ज्या तन्मणीसाठी मध्यरात्रीपर्यंत झुंज दिली होती, तो त्या अकरांत होता.

पुढचं एवढंच, की ताईंनी दर महिन्याला पैसे पुन्हा साठवायला घेतले आहेत. गाणगापूर अजून व्हायचं आहे. सासूबाईंच्या गुडघ्यांनी तोवर साथ द्यावी, एवढी प्रार्थना आपण सर्वांनी करू या.

आम्हाला या पत्रात 18,460 हा आकडा मोठा वाटत नाही. "रजा मिळत नाही" हे वाक्य मोठं वाटतं. पैसे पुन्हा मिळवता येतात. पण जी माउली आपल्या शब्दावर विसंबून भरलेली पिशवी उपसते, तिला दिलेला खोटा शब्द कुठल्या बाजारात बदलून मिळणार? घरात खोटा दागिना आला तर काही बिघडत नाही. त्याच्यामागून खोटं बोलणं आलं, की घर बिघडतं. आणि त्या ताईंनी ते स्वतः होऊन सांगितलं, यातच गुरुकृपा दिसते. असं सांगणारीला कोणी घालूनपाडून बोलू नये. बोललात तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही, लपवील.

*सत्यभामेचा तराजू*

कीर्तनात आपण तुलाभाराची कथा ऐकली आहे. सत्यभामेने व्रताच्या भरात श्रीकृष्णालाच नारदांना दान देऊन टाकलं. नारद म्हणाले, आता हा माझा. परत हवा असेल तर याच्या वजनाइतकं सोनं द्या. सत्यभामेला वाटलं, त्यात काय! माझ्याकडे काय कमी आहे?

एका पारड्यात भगवंत बसले. दुसऱ्यात सत्यभामेने आपले दागिने टाकायला सुरुवात केली. हार, बाजूबंद, कंकणं, कंबरपट्टा. पारडं हलेना. पेट्या आणवल्या, इतर राण्यांचे दागिने मागवले. तरी हलेना. पाहा हं, हासुद्धा एक लिलावच होता. आणि सत्यभामेची बोली चढत होती ती कृष्णासाठी कमी, रुक्मिणीपेक्षा आपण वरचढ हे दाखवण्यासाठी जास्त. प्रत्येक दागिन्याबरोबर 'मी'ही त्या पारड्यात पडत होता, आणि 'मी'ला देवाच्या तराजूत वजन नाही.

शेवटी रुक्मिणी आली. तिने एक तुळशीचं पान भक्तीने पारड्यात ठेवलं. पारडं खाली गेलं.

ही कथा आपण 'भक्ती मोठी, सोनं लहान' एवढीच समजतो. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. रुक्मिणीने बोली वाढवली नाही. ती चढाओढीत उतरलीच नाही. तिने एकदाच ठेवलं, आणि हात मागे घेतला. मराठीतही एखाद्या गोष्टीवरचा हक्क सोडला की 'तिच्यावर तुळशीपत्र ठेवलं' म्हणतात. जिंकण्याचा हट्ट सोडला की जे हवं होतं ते मिळतं, हे रुक्मिणीमातेने करून दाखवलं.

*मग करायचं काय?*

आम्ही 'घेऊच नका' असं सांगणार नाही. बळजबरीने सोडलेलं पुन्हा येतं. पण या श्रावणापासून पुढील नियम घरात पाळून पाहावेत.

*एक.* बोलीच्या आधी आकडा कागदावर लिहून देव्हाऱ्यात ठेवा. मनात ठरवलेला आकडा रात्री विसरतो, लिहिलेला विसरत नाही. बोली त्यापुढे गेली, की त्या दागिन्यावर तुळशीपत्र ठेवा आणि मोबाईल बाजूला करा.

*दोन.* जिथे आपली वरची मर्यादा एकदाच भरून ठेवायची सोय असते, तिथे तीच वापरा. ईबेसारख्या ठिकाणी संगणक आपल्या वतीने लागेल तेवढंच वाढवतो, आपण घड्याळाकडे बघत बसायची गरज नाही. एकदा बोला, आणि जपाला बसा. मिळालं तर प्रसाद, नाही मिळालं तरी जप झालाच.

*तीन.* जी जिंकली तिला मनातल्या मनात म्हणा, "ताई, तुला लाभो." करून बघा. पहिल्यांदा जड जातं. पण चौथ्या पायरीवरचा क्रोध याच एका वाक्याने खाली बसतो.

*चार.* पाकीट आलं की घरच्यांसमोर उघडा. ज्याची किंमत घरात सांगता येत नाही, तो दागिना आपला नव्हे.

*पाच.* व्यवहारात डोळे उघडे ठेवा. 'वन ग्रॅम' म्हणजे त्यात एक ग्रॅम सोनं असतं असं नाही, तो पातळ मुलामा असतो. सोनं म्हणून कोणी विकत असेल तर हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक पाहा. स्वस्त धातूत निकेल असेल तर काहींच्या कानाला, गळ्याला खाज येते, पुरळ उठतं, म्हणून लहान मुलींना घालताना जपा. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. "पैसे परत करतो, पिन टाका" असं कोणी म्हटलं की तो ठग समजावा. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब 1930 या क्रमांकावर कळवा. माल खराब निघाला आणि विकणारा दाद देत नसेल, तर ग्राहकांसाठी 1915 आहे.

आपल्यातल्या काही भगिनी घरातून असे दागिने विकून संसाराला हातभार लावतात. त्यांच्या कष्टाला आमचा नमस्कार. त्यांना एवढीच विनंती, की पितळ असेल तर पितळ सांगावं, आणि आपल्याच माणसाला बोली वाढवायला बसवू नये. शक्य असेल तिथे एकच ठरलेली किंमत लावावी. बरकत खऱ्या शब्दाला असते. आणि सत्संगाच्या गटांवर मात्र कोणीही विक्रीचे फोटो किंवा लिलावाच्या लिंका टाकू नयेत. तिथे फक्त नाम चालू द्या.

येत्या गुरुवारी आरतीनंतर प्रत्येक घराने एक करावं. कपाटातलं न उघडलेलं एखादं पाकीट असेल तर ते काढून घरात सगळ्यांसमोर उघडावं. नको असलेला दागिना मंगळागौरीला आलेल्या एखाद्या लेकीला, घरी काम करणाऱ्या मावशींना, हौसेने आणि मानाने द्यावा. ज्याच्यासाठी आपण अनोळखी माणसाशी झुंजलो, ते ओळखीच्या माणसाच्या गळ्यात शोभून दिसेल.

श्रावण सर्वांना नामस्मरणात जावो. गौरीला नटवा, स्वतःही नटा, आणि घरात शब्द खरा ठेवा.

सद्गुरुचरणी सेवा रुजू.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥ 🙏